उमेदवार कोणी पारखावा?

लोकशाहीचे गोडवे गाताना आपण मतपेटीचे वर्णन मोठ्या प्रेमाने करितो. परंतु त्या पेटीत पडणाऱ्या मतपत्रिकेवर जी नावे छापलेली असतात ती तेथे आली कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. स्वयंवरात माळ कोणाच्या गळ्यात घालावी हे राजकन्येने ठरवावयाचे, हे खरे; पण मंडपात कोणास आसन द्यावयाचे आणि कोणास दारावरूनच परत पाठवावयाचे हे आधी दुसऱ्याच कोणी ठरविले असेल, तर तिच्या स्वातंत्र्याची किंमत कितीशी राहिली? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनी कोट्यवधी मतदारांची हीच अवस्था होते. नोव्हेंबरात ज्या दोन नावांतून त्यांनी एक निवडावयाचे, ती नावे दोन पक्षांनी उन्हाळ्यातच ठरवून टाकलेली असतात. तिसऱ्या नावास वस्तुतः वाव नाही. तेव्हा पक्षांतील उमेदवाराची निवड हीच खरी निवडणूक होय, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

यावर आमच्याकडील कित्येक सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, "अमेरिकेत पक्षाचा उमेदवारसुद्धा लोकच प्राथमिक निवडणुकीत मते देऊन निवडतात, याहून अधिक लोकशाही ती कोणती?" हे म्हणणे वरवर पाहता सयुक्तिक वाटते. परंतु निवड आणि पारख ही दोन भिन्न कामे आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. निवडीचा हक्क लोकांस मिळाला, हे उत्तम झाले. तो देताना पक्षांनी पारखण्याची स्वतःची जबाबदारीही झटकून टाकली, हे मात्र वाईट झाले. आणि या दुसऱ्या गोष्टीस पहिलीचेच नाव देऊन लोकशाहीचा विजय म्हणून मिरविणे ही शुद्ध फसवणूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुनी पद्धत चांगली होती आणि नव्याने बिघाड केला, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. मग त्यांनी उमेदवार कसा ठरवावा याचा नियम कोठून असणार? आरंभी काँग्रेसमधील एका पक्षाचे सभासद एकत्र बसून नाव ठरवीत. १८२४ साली अशी सभा भरली तेव्हा दोन्ही सभागृहांच्या अडीचशेहून अधिक सभासदांपैकी अवघे ६६ हजर राहिले. त्यांनी निवडलेले क्रॉफर्ड निवडणुकीत तिसरे आले आणि ती पद्धत तेथेच संपली. पुढे १८३१ पासून बाल्टिमोर येथे राष्ट्रीय पक्षपरिषदा भरू लागल्या. या परिषदांनीच १८६० साली शिकागो येथे, पहिल्या फेरीत आघाडीवर असलेल्या सीवर्ड यांस मागे सारून तिसऱ्या फेरीत अब्राहम लिंकन यांस पुढे आणिले. आणि त्याच शिकागोत १९२० साली दहाव्या फेरीत वॉरेन हार्डिंग यांचे नाव काढले, ज्यांच्या मंत्रिमंडळातील एक मंत्री पुढे लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेला. १९२४ साली न्यूयॉर्क येथे डेमोक्रॅटिक परिषदेने १०३ फेऱ्या घेतल्या तेव्हा कोठे एक नाव निघाले, आणि निघाले ते निवडणुकीत सपाटून पडले.

अशा परिषदांत धुराने भरलेल्या खोलीतील चार पुढाऱ्यांचे चालत असे. पण त्याहूनही मोठा दोष म्हणजे त्या खोलीचे दार कोणासाठी बंद होते, हा होय. १९६४ साली अटलांटिक सिटी येथील परिषदेत मिसिसिपी राज्याचे अधिकृत प्रतिनिधिमंडळ सगळे गोऱ्यांचे होते. कृष्णवर्णीयांस मतदारयादीत नावही घालू न देणाऱ्या त्या राज्यातून फॅनी लू हेमर नावाची मळ्यावर राबलेली बाई आपल्या सहकाऱ्यांसह आली आणि तुरुंगात आपणांस कशी मारहाण झाली हे तिने साऱ्या देशास सांगितले. पक्षाने त्या मंडळींपुढे तडजोड म्हणून दोन जागा ठेविल्या. त्यांनी त्या नाकारल्या, आणि योग्यच केले. पुढे १९६८ साली व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध असलेल्या उमेदवारांस प्राथमिक निवडणुकांत बहुसंख्य मते पडली असताही, एकही प्राथमिक निवडणूक न लढविलेले हंफ्री शिकागोच्या परिषदेत उमेदवार झाले आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. ती बंद खोली मोडली गेली याबद्दल आम्हांस यत्किंचितही दुःख नाही.

पण मोडले त्याच्या जागी बांधले काय? मॅकगव्हर्न आणि फ्रेझर यांच्या समितीने नियम बदलले आणि १९७२ पासून प्रतिनिधी बहुतांशी प्राथमिक निवडणुकांनीच ठरू लागले. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. तेव्हापासून पक्षपरिषद ही उमेदवार निवडणारी सभा न राहता, आधीच ठरलेल्या लग्नाचा बँड वाजविणारी वरात झाली आहे.

आता या लोकनिवडीत लोक किती असतात ते पाहू. २०१६ साली दोन्ही पक्षांत चुरशीच्या लढती असूनही मतदानास पात्र नागरिकांपैकी तीस टक्केही प्राथमिक निवडणुकांत उतरले नाहीत. नोव्हेंबरात मात्र सुमारे साठ टक्क्यांनी मत दिले. म्हणजे निम्म्या मतदारांनी निवडलेली नावे उरलेल्या निम्म्यांच्या पुढ्यात येऊन पडली. शिवाय ही मते एका दिवशी पडत नाहीत. न्यू हॅम्पशायर या चौदा लाख वस्तीच्या राज्याने १९२० पासून पहिल्या प्राथमिक निवडणुकीचा मान जपला आहे, आणि १९७२ पासून त्याच्याही आधी आयोवा राज्यातील सभा भरत आल्या. २०२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनास पहिला मान दिला. पण क्रम बदलला तरी क्रमाचा जुलूम गेला नाही. पहिल्या दोनतीन राज्यांत जो मागे पडला त्याची देणगी आटते, वृत्तपत्रे त्याच्याकडे पाठ फिरवितात, आणि उशिरा मत देणाऱ्या राज्यांच्या वाट्यास बहुधा शिळे पानच येते.

मोजणीचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. त्याच २०१६ साली साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांपैकी सुमारे तेहतीस टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांस मत दिले. प्रतिनिधी मात्र पन्नासच्या पन्नास त्यांच्या पदरात पडले. उरलेली मते पाच जणांत विभागली गेली, इतकेच. ट्रम्प यांच्याविषयी कोणाचे मत काहीही असो. ज्या रीतीने एक तृतीयांशाचे शंभर टक्के होतात तिला लोकमत म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना होय. याच्या उलट दिशेचे उदाहरणही आहे. कमला हॅरिस या २०२० च्या निवडणुकीसाठी उमेदवारी मागत होत्या. परंतु पैशाअभावी डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे एकही मत पडण्यापूर्वी, त्यांस माघार घ्यावी लागली. पुढे २०२४ साली, एकही प्राथमिक निवडणूक न लढविता, त्याच पक्षाच्या उमेदवार झाल्या. दोन्ही वेळी त्यांच्याविषयी मतदारांस काय वाटते हे मतपेटीने सांगितलेच नाही.

आणि २०२४ ची ही कथा तर आमच्या मुद्द्याचा कळसच होय. अध्यक्ष जो बायडन यांचे वय तेव्हा एक्याऐंशी होते. ते पुन्हा चार वर्षे भार वाहू शकतील काय, हा प्रश्न सामान्य नागरिक उघडपणे विचारीत होते. ज्यांनी तो विचारावयाचा ते पक्षातील थोर पुढारी मात्र मूग गिळून बसले. प्राथमिक निवडणुका नावापुरत्या झाल्या आणि जवळजवळ सर्व प्रतिनिधी बायडन यांस मिळाले. मग २७ जूनच्या वादसभेत साऱ्या जगाने जे पाहावयाचे ते पाहिले, २१ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली, आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात दूरस्थ मतदानाने हॅरिस यांचे नाव पक्के झाले. लोकांनी मते दिली ती एका नावास, पत्रिकेवर आले दुसरे. येथे दोष लोकांचा नव्हे आणि बायडन यांचाही एकट्यांचा नव्हे. ज्यांनी त्यांस जवळून पाहिले, त्यांनी वेळेवर तोंड उघडले नाही. आणि विचारले असता, "मतदारांनी कौल दिला आहे," या वाक्याआड ते लपले. प्राथमिक निवडणुकीचा सर्वांत वाईट उपयोग हाच: ती पुढाऱ्यांच्या भ्याडपणास लोकमताचा अंगरखा चढविते.

कोणी म्हणेल की पुढाऱ्यांनी पारखावे म्हणजे पुन्हा तीच बंद खोली. आम्ही तसे म्हणत नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने १९८४ पासून लोकप्रतिनिधींस व पदाधिकाऱ्यांस परिषदेत स्वतंत्र मत दिले होते. २०१६ च्या भांडणानंतर, २०१८ साली, चुरशीच्या पहिल्या फेरीतील ते मत काढून घेण्यात आले. आमच्या मते ते मत देणे आणि काढून घेणे, दोन्ही चुकीच्या प्रश्नाची उत्तरे होती. पुढाऱ्यांजवळ जी खरी संपत्ती आहे ती मत नव्हे, माहिती होय. उमेदवाराने संकटाच्या वेळी काय केले, हाताखालच्या माणसांशी तो कसा वागतो, दिलेला शब्द पाळतो की नाही, हे दूरदर्शनच्या पडद्यावर दिसत नाही, सहकाऱ्यांस दिसते. तेव्हा मतदान सुरू होण्यापूर्वी पक्षाच्या निवडून आलेल्या सभासदांनी प्रत्येक उमेदवाराची उघड्या सभेत तपासणी करावी, आपले अनुकूल वा प्रतिकूल मत कारणांसह आणि स्वतःच्या सहीनिशी प्रसिद्ध करावे, आणि नंतर निर्णय मतदारांवर सोपवावा. मते ज्या प्रमाणात, प्रतिनिधीही त्याच प्रमाणात द्यावे; राज्यांचा क्रम दर खेपेस फिरता ठेवावा. यांत कोणाचा हक्क जात नाही; जाते ती केवळ गप्प बसण्याची सोय.

ही चर्चा सातासमुद्रापलीकडची म्हणून आम्ही निश्चिंत राहावे, अशी स्थिती नाही. आमचे राष्ट्रपतिपद निराळ्या स्वरूपाचे आहे. त्याची निवड लोकसभा, राज्यसभा व विधानसभा यांचे निवडून आलेले सभासद करितात. परंतु नाव मात्र मूठभर पुढारीच ठरवितात. १९६९ साली काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरविले, इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकबुद्धीस स्मरून मत देण्याची हाक दिली, व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि वर्ष संपण्यापूर्वी पक्षच दुभंगला. २००७ साली प्रतिभाताई पाटील यांची निवड झाली तेव्हा एक मराठी स्त्री त्या पदावर बसते म्हणून विरुद्ध आघाडीतील शिवसेनेनेही त्यांस मते दिली आणि महाराष्ट्रास अभिमान वाटला. तो वाटणे स्वाभाविकच होते. पण त्या वेळी किंवा त्यापूर्वी वा नंतर, कोणती नावे विचारात घेतली आणि कोणत्या कारणासाठी एक स्वीकारून बाकीची सोडली, हे कोणत्याही पक्षाने आपल्या सभासदांस लेखी कळविल्याचे कोणी दाखवावे!

अमेरिकेने दार सताड उघडले आणि पारखी घरी पाठविले. आम्ही पारखी ठेविले आणि दार लावून घेतले. ज्या पक्षास आपला उमेदवार का निवडला हे चार वाक्यांत, नाव घालून, छापून सांगता येत नाही, त्याने त्या उमेदवारासाठी आमचे मत मागण्यापूर्वी किंचित् संकोच बाळगावा, एवढीच आमची मागणी आहे.