लॉकरमधला दिवा

गेल्या दिवाळीत आमचे पुण्याचे मेव्हणे यवतमाळला आले ते चिवड्याच्या डब्याऐवजी दोन हुशार दिवे आणि एक बोलका डबा घेऊन. "आता तुमचं घर स्मार्ट होईल," म्हणाले. इतकी वर्षं मी या घरात राहतो, तरी त्याला शहाणं करायला बाहेरून सामान आणावं लागलं, हे मनाला लागलं. पण मेव्हण्यांपुढे मनाला लागलेलं दाखवायचं नसतं.

मेव्हणे परत गेले आणि जोडणी माझ्या गळ्यात पडली. मी पडलो बी.कॉम. पहिल्याच दिव्याला साडेतीन तास लागले. दिवा म्हणे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो आणि माझा फोन बसला होता ५ वर. एका घरात दोन चुली! त्यांची समजूत घातली, तर दिव्याने माझं नाव, ई-मेल, मोबाईल नंबर आणि राहण्याचं ठिकाण विचारलं. बँकेत आम्ही केवायसी मागतो तेव्हा लोक आमचा उद्धार करतात; पण आम्ही निदान त्यांचे पैसे सांभाळतो. दिव्याला माझा पत्ता कशाला? तो काय मला पत्र पाठवणार आहे?

पुढे कळलं, की रात्री वीज जाऊन आली की हे दिवे आपोआप पेटतात. पहाटे तीनला लख्ख उजेडात दचकून उठलो आणि 'वीज आली तरी आधी होतास तसाच राहा' अशी आज्ञा देऊन ठेवली. तिथेच फसलो. एका रात्री आई उठली. पन्नास वर्षांच्या सवयीने तिने भिंतीवरचं बटन दाबलं. अंधार. पुन्हा दाबलं. अंधारच, दिवा आज्ञाधारक होता. मी फोन घेऊन धावलो, तर इंटरनेट गेलेलं. बोलका डबाही मुका. तोवर आई स्टुलाला अडखळून गुडघा धरून बसली होती. म्हणाली, "काहून रे बाबू, माह्याच घरातला दिवा लावाले मले आता कोनाले इचारा लागते?"

वाचकहो, माझं भांडण एवढ्यावरूनच आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. दागिन्यांसाठी हे ठीक आहे. पण भिंत माझी, दिवा माझा, विजेचं बिल माझं, आणि दुसरी किल्ली कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर! दिव्याचा लॉकर कुणी केला?

बरं, ती किल्ली तरी जागेवर राहते का? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलरचा डबा घरातली उपकरणं चालवायचा. २०१४ मध्ये ती कंपनी नेस्टने घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. डबा धडधाकट, पण उपयोग शून्य. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. शेवटी काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन चालू केली. म्हणजे दिवा लावायला कंपनी विकत घ्या! आमच्या महागाई भत्त्यात एवढं बसत नाही.

मी यंत्रांचा वैरी नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आवाजाने दिवा लावता आला, तर त्या दिव्याला माझा नमस्कार. माझ्या मागण्या दोनच. एक, इंटरनेट असो वा नसो, भिंतीवरच्या बटनाचा शब्द अखेरचा. दोन, सेवा किती वर्षं चालेल ते खोक्यावर छापा. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, मग हजारोंच्या वस्तूवर का नको? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा वस्तूंना सुरक्षेच्या दुरुस्त्या निदान कधीपर्यंत मिळतील, हे जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. साहेबाकडून आपण इतकं उचललं, आणखी एवढंही उचलायला हरकत नाही.

सध्या आईच्या खोलीत साधा दिवा आहे. बटन दाबलं की लागतो, पत्ता विचारत नाही. मेव्हणे या दिवाळीला पुन्हा येताहेत. मी आधीच कळवून टाकलंय : चिवडाच आणा.