रोहितांचें छायाचित्र
हिवाळ्यांत शीळफाट्याहून महाप्यावरून ऐरोलीच्या खाडीवर गेल्यास ओहोटीच्या वेळीं चिखलांत चरणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, दृष्टीस पडतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ सालीं अभयारण्य ठरला व २०२२ सालीं त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. तेथें मुलें कॅमेरा नेतात, पण सर्व कारभार यंत्रावर सोपवितात व उडता पक्षी पुसट उमटतो.

आमच्या मतें प्रथम शटरचा वेग ठरवावा. उभ्या पक्ष्यास १/५०० सेकंद बहुधा पुरे. उडत्यास १/१६०० हवा. मग अॅपर्चर एफ ५.६ ते ८ ठेवून उजेडाची उणीव आयएसओ वाढवून भरून काढावी. चित्रांत थोडे कण दिसले तरी चालतील. हललेलें चित्र मात्र सुधारत नाहीं. काळ्या चिखलापुढें पिसांची गुलाबी छटा नाहींशी होऊं लागल्यास एक्स्पोजर किंचित् उतरवावें.

जवळ जाण्याचा मोह मात्र आवरावा. थवा उठला कीं त्याचें चरणें मोडतें, आणि परतीच्या प्रवासाचें बळ त्यास या चिखलांतूनच मिळवावयाचें असतें. लांब पल्ल्याचें भिंग नसेल तर पक्षी लहान दिसूं द्यावा. चित्रांत खाडी तरी येईल.