रसिकांनो, जिभेला जरा आवर घाला!

भीमगीतांचा कार्यक्रम संपला की खरा मुकाबला मांडवाबाहेर सुरू होतो. एक म्हणतो, वामनदादांसारखा कवी झाला नाही. दुसरा म्हणतो, प्रल्हाद शिंदेंच्या आवाजापुढे सगळे फिके. इथपर्यंत ठीक आहे. आवड असणाऱ्याने वाद घालावा, नाहीतर ती आवड कसली! पण पाचच मिनिटांत "तुला काय कळतंय" वरून "तू आंबेडकरवादीच नाहीस" इथवर मजल जाते. प्रल्हाददादांनी विठ्ठलाचीही गाणी गायिली, म्हणून ती ऐकणाऱ्याला धम्मद्रोही ठरविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. बाबासाहेबांचे नाव घरोघर नेणारा तो गळा यांच्या परीक्षेत नापास!

यंदाच्या जयंतीत आमच्या विहारात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "वामनदादा नुसते लिहायचे की गायचेही?" जाणत्या मंडळींत हशा पिकला. "डीजेवाली पिढी!" असा शेराही कोणी मारला. ती मुलगी पुन्हा चर्चेला बसली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांचे होते. लिहायचे आणि गायचेही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक स्वतः तरुणपणापर्यंत निरक्षर होते, मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले. त्यांना तेव्हा असेच हसून उठविले असते, तर ती हजारो गीते आली असती का?

आपण अष्टांगिक मार्ग तोंडपाठ म्हणतो. सम्यक वाचा म्हणजे केवळ खरे बोलणे नव्हे. रागाने, शिवराळपणे न बोलणे आणि सर्वांशी सौजन्याने बोलणे हेही बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये त्यातच सांगितले आहे. कोसंबीच्या घोषितारामातील भिक्खूंचे भांडण वाचकांना ठाऊक असेलच. अट्ठकथेप्रमाणे निमित्त काय, तर शौचकूपातल्या भांड्यात उरलेले पाणी! दोन तट पडले, तथागतांची समजूतही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. शेवटी उपासकांनी भिक्षा बंद केली, तेव्हा कुठे मंडळी ताळ्यावर आली. सगळे एकाच शास्त्याचे शिष्य होते, हे विशेष.

आम्हाला काळजी वेगळीच आहे. जुन्या गायन पार्ट्यांच्या वह्या आज साठी-सत्तरीच्या माणसांच्या ट्रंकेत पडून आहेत. कितीतरी गाणी कुठे छापलेली नाहीत, कॅसेटवर आलेली नाहीत. ती उतरवून घेणार कोण? ज्यांना आपण डीजेवाली म्हणून हिणवतो, तीच मुले ना?

येत्या १५ ऑगस्टला, वामनदादांच्या जयंतीदिनी, सायंकाळी वंदनेनंतर विहारात वह्या उतरविण्याचे काम सुरू करीत आहोत. ज्येष्ठांनी वह्या आणाव्यात आणि अक्षर लागत नसेल तिथे मुलांजवळ बसून सांगावे. कोणता गायक मोठा, हा विषय त्या दिवशी बंद. वाळवी लागलेली वही असेल तर पिशवीत घालून आणावी, पाने आम्ही सुटी करू.