ग्रह वैरी, दगड सख्खे भाऊ

मुंबई-नाशिक महामार्गावरचे आमचे मानकोली आज ओळखले जाते ते गोदामांसाठी. हमाल, ट्रकचालक, कारकून, गाळ्यांच्या भाड्यावर घर चालवणारे जमीनमालक अशा नाना तऱ्हेच्या माणसांची इथे दिवसभर वर्दळ असते. सहज त्यांच्या बोटांकडे पाहावे, तर कुणाच्या अनामिकेत माणिक, कुणाच्या मधल्या बोटात नीलम! मध्यंतरी ओळखीच्या एका घरात मुलाची नोकरी सुटली. साडेसातीवर उपाय म्हणून नीलम सुचवला गेला आणि त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढायचे घाटू लागले. घरात आजोबांच्या वेळचे माणिक होते. 'तेच घातले तर नाही का चालणार?' असे वहिनींनी विचारले, तेव्हा सल्ला देणारे गृहस्थ दचकलेच. सूर्याचे रत्न शनीच्या पीडेवर? भलतेच!

शास्त्राच्या चौकटीत त्यांचे म्हणणे बरोबरच होते. नवरत्नांत माणिक सूर्याचे आणि नीलम शनीचे. पुराणात शनी हा सूर्याचा मुलगा, पण ज्योतिषात बापलेकांचे हाडवैर. माणकाने मान, अधिकार आणि तेज लाभते म्हणतात. नीलम मात्र शीघ्रफली; तो रावाचा रंक करील किंवा रंकाचा राव, म्हणून आधी काही दिवस उशाखाली ठेवून पाहण्याची पद्धत. दोन्ही रत्ने एकत्र घालणे तर बहुतेक ज्योतिषी निषिद्धच मानतात.

आता हीच दोन रत्ने प्रयोगशाळेच्या मेजावर ठेवू या. तिथे एक गंमत दिसते. हे दोन्ही दगड एकाच खनिजाचे आहेत! त्या खनिजाचे नाव कुरुविंद, बोलीत कुरुंद. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन एवढाच त्याचा संसार. मोहस यांनी १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची जी श्रेणी लावली, तीत हिरा १० वर आणि कुरुविंद ९ वर. म्हणजे माणिकही ९ आणि नीलमही ९. विशिष्ट गुरुत्व दोघांचे सुमारे ४. वक्रीभवनांक दोघांचाही १.७६ ते १.७७. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या काळ्या कातळात ही रत्ने सापडत नाहीत, पण ओबडधोबड कुरुंद भंडारा जिल्ह्यात मिळतो. धार लावायच्या चाकांवर आणि पॉलिश कागदावर वापरतात ती पूडही याच जातीची.

मग रंग वेगळे का? कुरुविंद शुद्ध असला तर बिनरंगी असतो. त्यात क्रोमियमचा अंश शिरला की तो लाल होतो, त्याला आपण माणिक म्हणतो. लोह आणि टिटॅनियम एकत्र शिरले की निळा होतो, तो नीलम. दोघांतून जाणारा प्रकाशकिरण दुभंगतो, आणि खडा फिरवला तर रंगाच्या दोन छटा दिसतात. फरक असा, की अतिनील प्रकाशात माणिक बहुधा निखाऱ्यासारखे लाल उजळते, तर नीलम सहसा थंडच राहतो. सूर्य-शनीच्या वैराला भौतिकशास्त्रात आधार शोधायचा, तर या चिमूटभर भेसळीपलीकडे हाती काही लागत नाही.

कुणी म्हणेल, रंगातच तर सारे आले. रत्न त्या त्या ग्रहाचे किरण अंगात उतरवते. ठीक. पण फ्रान्सच्या व्हर्नय यांनी १९०२ साली ज्योतीवर भुकटी वितळवून माणिक घडवण्याची रीत जाहीर केली. पुढे नीलमही तसाच होऊ लागला. ही घडीव रत्ने घटकांत, काठिण्यात, वक्रीभवनांकात, रंगात खाणीतल्यासारखीच आणि किमतीला अगदी स्वस्त. किरणांचेच काम असेल तर ती का चालू नयेत? तिथे मात्र 'नैसर्गिकच हवे' असा आग्रह. म्हणजे गुण सांगताना प्रकाशाचा दाखला आणि पैसे मोजताना खाणीचा!

बरे, कोणते रत्न घालायचे हे ठरते कुंडलीवरून. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आदींनी कुंडलीचीच चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिष्यांकडे धाडल्या. सत्तावीस जणांची उत्तरे आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बरोबर उत्तरे ४६ टक्के. नाणे उडवून ठरवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. पायाच असा असेल, तर त्यावर लाखाच्या अंगठीचा मजला चढवावा का?

श्रद्धेची थट्टा करावी असे मला वाटत नाही. अडचणीत माणसाला आधार हवा असतो आणि बोटातला खडा तो देतोही. रत्न सुंदर असते, हौस म्हणून जरूर घ्यावे. पण घेताना डोळे उघडे असावेत. नावाजलेल्या प्रयोगशाळेचा दाखला मागावा. खडा नैसर्गिक की घडीव, तापवलेला की भेगांत काच भरलेला, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. काच भरलेले माणिक सोनाराच्या आचेने, आम्लानेही बिघडते. वजन कॅरेटमध्ये घ्यावे, कारण कॅरेट म्हणजे नेमके २०० मिलिग्रॅम. रत्ती मात्र सगळ्या पेढ्यांवर एकच नसते.

आणि एक पथ्य कधी मोडू नये. औषधाचे, मुलांच्या फीचे किंवा कर्जाचे पैसे खड्यात घालू नयेत. ग्रहांचे वैर खरे की खोटे यावर वाद घालत बसायला आयुष्य पडले आहे. पतपेढीचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो, आणि तो फेडण्याचे सामर्थ्य कोणत्याही रंगाच्या कुरुंदात नाही.