बदकाचे पंख छाटण्यापूर्वी

परसात चार-सहा बदके पाळणाऱ्याच्या मनात लवकरच एक शंका उभी राहते : ही उडून तर जाणार नाहीत ना? त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो. एका पंखाची पिसे कातरा, म्हणजे काळजी मिटली. विस्तार कार्यकर्त्यांकडूनही हा सल्ला सहज दिला जातो. आमच्या मते तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो; आणि जेथे आवश्यक असतो तेथेही काळजी मिटत नाही. पक्ष्याच्या बचावाचा जो भार निसर्गाने त्याच्या पंखांवर ठेवलेला असतो, तो पालकाच्या शिरावर येतो.

हा प्रश्न समजून घेण्यास चेन्नई शहर उपयुक्त आहे. शहरालगतच्या तिरुवल्लूर, चेंगलपट्टू व कांचीपुरम जिल्ह्यांत भाताची कापणी झाली की बदकपालक आपले कळप खाचरांत उतरवतात. शहराच्या दक्षिणेस, थेट वस्तीला लागून पळ्ळिकरणै ही पाणथळ जागा आहे. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला असून हिवाळ्यात तेथे स्थलांतरित रानबदके उतरतात. अशा शहरात अंगणात किंवा गच्चीवर हौसेने बदके पाळणाऱ्याला कळप, रानपक्षी व शहरी धोके या तिन्हींचा विचार एकदमच करावा लागतो.

पहिला प्रश्न कात्रीचा नसून जातीचा आहे. मस्कोव्ही वगळता सर्व पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून उत्पन्न झाली. परंतु निवडपैदाशीत त्यांची उड्डाणशक्ती बव्हंशी लोपली. व्हाइट पेकिन वजनामुळे उडूच शकत नाही. खाकी कॅम्पबेल व इंडियन रनर घाबरल्यास ठेंगण्या कुंपणावरून झेप घेतील, पण आकाशमार्गे निघून जाणार नाहीत. त्यांच्यासाठी तीन-चार फुटांची जाळी पुरते. मस्कोव्हीची गोष्ट मात्र वेगळी. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हे मूळचे झाडावर बसणारे बदक असून त्याच्या पायांना धारदार नखे असतात. पूर्ण वाढलेला नर जड असल्याने फारसा उडत नाही. हलकी मादी मात्र छपरावर व झाडावर सहज जाते. म्हणजे पंख छाटण्याचा विचार करावा लागतो तो मुख्यतः मस्कोव्ही मादीबाबत आणि मॅलार्डसारख्या हलक्या बदकांबाबत.

दुसरा प्रश्न सवयीचा. तमिळनाडूतील फिरते बदकपालक शेकडो पक्ष्यांचा कळप काठीच्या इशाऱ्यावर एका खाचरातून दुसऱ्या खाचरात नेतात आणि सायंकाळी जाळीच्या तात्पुरत्या कोंडवाड्यात बंद करतात. बदक हा कळपाने राहणारा, वेळ ओळखणारा पक्षी आहे. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी खाद्य मिळाले आणि रात्री सुरक्षित खुराडे मिळाले, की तो परत येतो. नवीन आणलेले पक्षी पहिले दोन-तीन आठवडे बंदिस्त ठेवून मग मोकळे सोडले, तर पळून जाण्याचे प्रकार फार कमी होतात.

आता छाटणीची किंमत पाहू. एका पंखाची पिसे कापल्यावर झेप घेताना पक्ष्याचा तोल जातो आणि तो एका बाजूस कलून खाली येतो. अंगणात यामुळे फारसे बिघडत नाही. तिसऱ्या मजल्यावरील गच्चीवर तेच मृत्यूचे कारण ठरू शकते, कारण पंख पसरून अलगद उतरण्याची सोयही गेलेली असते. भटकी कुत्री आणि मुंगूस यांच्यापासून सुटण्याचा मार्ग बंद होतो. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळ चेन्नईने अनुभवले आहे. पाणी अकस्मात चढले, तर छाटलेल्या पक्ष्याला भिंतीवर वा छपरावर आश्रय घेता येत नाही.

छाटणीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र गंभीर आहे. बदकांत बर्ड फ्लूचा विषाणू अनेकदा लक्षणांविना राहतो. पाळीव बदक उडून पाणथळीत गेले आणि रानपक्ष्यांत मिसळून परतले, तर संसर्ग घरी येऊ शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक झाला. त्याची झळ महाराष्ट्रातील कुक्कुटपालक विसरलेले नाहीत. तथापि छाटलेले बदकही चालत व पोहत तळ्यात जाते, आणि रानपक्षी आपल्या अंगणात उतरू शकतात. त्यामुळे या धोक्यावरचा खरा उपाय म्हणजे वरून जाळी घातलेले आवार, आच्छादित खाद्यपात्रे आणि स्वतंत्र पाणी. हा खर्च करता येत असेल, तर कात्रीची गरजच उरत नाही.

कायद्याची रेषाही स्पष्ट असावी. पिसे कातरणे आणि पंखाचे टोक हाडासह कापणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पिसे पुन्हा येतात. हाड येत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याचे अवयवछेदन हा गुन्हा आहे. शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे व वेसण घालणे यांना त्यात विहित पद्धतीने सूट आहे. पंख तोडण्याचा त्यात उल्लेख नाही. या कायद्यासाठी संसदेत प्रथम आग्रह धरणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल चेन्नईच्याच, आणि त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची स्थापना झाली. रानबदके पाळणे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निषिद्धच आहे.

सर्व विचारांती छाटणी करावयाचीच असेल, तर ती अनुभवी व्यक्तीच्या वा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावी. एकाच पंखाची, टोकाकडील सुमारे दहा लांब उड्डाणपिसेच कापावीत. वरच्या आवरणपिसांना हात लावू नये. पिसे पूर्ण वाढलेली असावीत. उजेडात धरल्यावर देठ गडद व रक्ताळ दिसणारे कोवळे पीस कापल्यास रक्तस्राव होतो. पीसगळीनंतर नवी पिसे येतात, म्हणून दरवर्षी हा निर्णय नव्याने घ्यावा लागतो. तो सवयीने घेऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांना आमची विनंती एवढीच. पालकाने पंखांविषयी विचारले, तर आधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : जात कोणती, रात्रीचे खुराडे कसे आहे, आणि कुत्र्या-मुंगसापासून संरक्षण काय. कोकणातील परस असो, भंडारा-गोंदियातील बोडी असो वा चेन्नईची गच्ची, या तीन उत्तरांत बहुधा निर्णय सापडतो. ज्याच्याकडे पक्के खुराडे नाही, त्याने बदकाचे पंख छाटू नयेत; आणि ज्याच्याकडे ते आहे, त्याला ते छाटण्याची वेळ क्वचितच येते.