संगणकातला व्हायरस : चूक वापरणाऱ्याची की बनवणाऱ्याची?



मागच्या महिन्यात पालकसभा संपली, सह्या झाल्या, चहा झाला, सगळे पांगले. तिसरीतल्या एका मुलीचे वडील मात्र दाराशी घुटमळत होते. "मॅडम, एक विचारायचं होतं. पण कुणाला सांगू नका." नात्यातल्या एका माणसाच्या नंबरवरून त्यांच्या फोनवर लग्नपत्रिका आली होती. लग्नसराईचे दिवस, पत्रिका हल्ली फोनवरच येतात. त्यांनी ती उघडली. फोनने दोन-तीनदा काहीतरी विचारलं, त्यांनी होय-होय केलं. पत्रिका काही दिसली नाही. दोन दिवसांनी खात्यातून ३९ हजार रुपये गेले. कापूस विकून आलेले पैसे होते.

मी विचारलं, "दादा, बँकेत कळवलं का? १९३० ला फोन केला?"

"नाही मॅडम. घरीपण अजून बोललो नाही. लोक म्हणतील, बारावी शिकलाय आन् अडाण्यासारखा फसला."

या गोष्टीला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. व्हायरस शिरला की आपण पहिलं वाक्य काय बोलतो? "कशाला उघडलंस?" शाळेतल्या संगणकात शिरला तर "पेनड्राइव्ह कुणी लावला होता?" बोट लगेच माणसाकडे जातं. ज्यांनी तो फोन चालवणारी प्रणाली बनवली, तो संगणक चालवणारं सॉफ्टवेअर बनवलं, त्यांच्याकडे बोट जातच नाही. मला हे पटत नाही. माझं मत स्पष्ट सांगते : वापरणाऱ्याची चूक असते, पण मोठा वाटा बनवणाऱ्याचा असतो. आणि सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारल्यामुळे नुकसान वाढतं.

आधी एक मुद्दा बाजूला ठेवू. पहिला गुन्हेगार चोरच. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधल्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात मुद्दाम व्हायरस सोडणं हा गुन्हा आहे. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो चोराला वाट कुणी करून दिली याचा.

यासाठी एक जुनं उदाहरण बघू, कारण त्यात सगळं उघड दिसतं. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून एक ई-मेल सुटला. विषय 'आय लव्ह यू'. सोबत एक फाइल, तिचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू' आणि पुढे टिंब टीएक्सटी, म्हणजे साधा वाचायचा मजकूर. ती उघडली की संगणकातले फोटो आणि इतर फाइली नासायच्या आणि तोच ई-मेल पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला आपोआप जायचा. काही तासांत तो जगभर पसरला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली ई-मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. अमेरिकेच्या पेंटॅगॉनलाही झळ पोहोचली. हे करणारा ओनेल द गुझमान हा मनिलातल्या कॉलेजात संगणक शिकणारा मुलगा होता. तेव्हा त्या देशात असा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. कायदा झाला तो पुढच्या महिन्यात.

त्या वेळी जगभर लोक हसले. प्रेमपत्र म्हटलं की भाळले बघा, म्हणे. पण जरा खोलात जाऊ. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं येतात, त्यांना मी वर्गात 'शेपूट' म्हणते. शेपटावरून फाइल कोणत्या जातीची ते कळतं. या फाइलला दोन शेपटं होती. टीएक्सटीच्या पुढे आणखी एक होतं, व्हीबीएस. म्हणजे ती चिठ्ठी नव्हती, चालणारा प्रोग्राम होता. मग लोकांना ते दिसलं का नाही? कारण शेवटचं शेपूट लपवून ठेवायचं, अशी विंडोजची मूळची मांडणीच होती. पडद्यावर नीटनेटकं दिसावं म्हणून. वर ती फाइल दोनदा टिचकी मारली की थेट चालू व्हायची. आणि आउटलुक हा ई-मेलचा प्रोग्राम त्या फाइलला पत्त्यांची यादी वाचू द्यायचा, मालकाला न विचारता सगळ्यांना मेल पाठवू द्यायचा.

हे तिन्ही निर्णय वापरणाऱ्याने घेतले होते का? आणखी एक. मेल ओळखीच्याच माणसाकडून येत होता. "अनोळखी मेल उघडू नका" हा उपदेश त्या लोकांनी पाळलाच होता की! लग्नपत्रिका उघडणाऱ्या आपल्या दादांनीसुद्धा पाळला होता.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती झाली तर कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. म्हणजे गॅस भरणाऱ्यांनी घरातल्या साध्या माणसाच्या नाकाचा विचार केला. आजीला रसायनशास्त्र येत नसलं तरी तिला गळती कळते. सॉफ्टवेअरमध्ये उलटं झालं. जो थोडाफार वास येत होता तोच झाकला आणि मग नाकाला नावं ठेवली.

(जाता जाता : आजही नव्या विंडोजमध्ये हे शेपूट मुळात लपवलेलंच असतं. फोल्डर उघडून वर 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. शाळेतल्या सगळ्या संगणकांवर करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.)

पेनड्राइव्हचं तर आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. केंद्राच्या बैठकीला जायचं, माहिती भरून आणायची, एकाच पेनड्राइव्हवरून दहा शाळांत फिरवायची. जुन्या विंडोजमध्ये 'ऑटोरन' नावाची सोय होती, तिच्या आधाराने पेनड्राइव्हमधला प्रोग्राम चालू व्हायला वाट मिळायची. २००८ च्या शेवटी आलेला कॉन्फिकर हा व्हायरस ज्या मार्गांनी पसरला, त्यांपैकी हा एक. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टा या जुन्या आवृत्त्यांवर अपडेट पाठवून पेनड्राइव्हसाठीची ही सोय बंद केली. त्यानंतर अशा प्रकारची लागण बरीच कमी झाल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. आता विचार करा. त्या काही महिन्यांत जगातले लोक अचानक हुशार झाले होते का? लोक तेच होते, त्यांच्या सवयीही त्याच होत्या. फक्त दाराला कडी लागली.

म्हणजे वापरणारे आपण धुतल्या तांदळासारखे का? अजिबात नाही. इथे मला आपल्याच शाळेबद्दल बोलावं लागेल. आमच्या संगणकांवर कित्येक वर्षं चोरीचं विंडोज होतं. ज्याने ते टाकून दिलं त्याने बजावलं होतं, "मॅडम, अपडेट करू नका हं, लॉक होईल." आम्हीही केलं नाही. नेटचा डेटा वाचतो, संगणक पटकन सुरू होतो, अजून काय पाहिजे! एका वर्षी निकालाच्या आठवड्यात सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले आणि आमच्या एका ज्येष्ठ बाईंवर आळ आला, कारण शेवटचा पेनड्राइव्ह त्यांचा होता. त्या रडल्या होत्या. आठ दिवस स्टाफरूममध्ये कुणाशी बोलल्या नाहीत. खरं म्हणजे अपडेट बंद ठेवायचा निर्णय आम्हा सगळ्यांचा होता. मीही त्या वेळी तोंड उघडलं नाही.

अपडेट न करण्याची किंमत मोठमोठ्यांनीही मोजली आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. फाइलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. तरी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. इथे वापरणाऱ्या संस्थांची चूक आहेच. पण त्यातही मेख आहे. ते भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होतं आणि तिने ते आपल्या कामासाठी गुपचूप ठेवलं होतं. आणि एक्सपीची मदत कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच थांबवली होती, तरी हल्ला झाल्यावर एका दिवसात एक्सपीसाठीही सगळ्यांना अपडेट दिलं. द्यायचं ठरवलं तर देता येतं, असाच त्याचा अर्थ ना?

आता परत दादांच्या लग्नपत्रिकेकडे. ती पत्रिका म्हणजे एपीके फाइल होती, फोनमध्ये ॲप बसवणारी. असं ॲप बसलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे पाठवतं आणि पुढच्या सगळ्यांना तीच पत्रिका धाडतं. इथे बनवणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. अँड्रॉइड फोन बाहेरून आलेलं ॲप मुकाट्याने बसवत नाही, आधी धोक्याची सूचना दाखवतो. म्हणजे वास मिसळलेला होता. पण मी दादांचा फोन हातात घेऊन बघितला. सगळा इंग्रजीत. साधा कॅमेरा उघडला तरी परवानगी, टॉर्चचं ॲप घेतलं तरी परवानगी. दिवसातून दहा वेळा 'अलाउ' दाबायची सवय लागलेला माणूस अकराव्या वेळी थांबून का वाचेल? आपल्या वर्गातही तेच होतं. बाई दिवसभर "गप्प बसा" म्हणत राहिल्या, तर खऱ्या वेळी मुलं ऐकत नाहीत.

२०२४ मध्ये गूगलने आधी सिंगापूरमध्ये प्रयोग म्हणून, मग भारतातही, मेसेज वाचण्याची परवानगी मागणारी अशी बाहेरची ॲप्स थेट अडवायला सुरुवात केली. चांगलं केलं. पण म्हणजे ते करणं शक्य होतं. इतकी वर्षं तो भार आपल्या दादांच्या अंगठ्यावर होता.

माझा मुख्य आक्षेप मात्र कायद्याबद्दल आहे. आपल्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. प्लास्टिकच्या खुळखुळ्याला तपासणी लागते. सॉफ्टवेअरचं काय? ते बसवताना जो लांबलचक करार येतो, त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हे जसं आहे तसं घ्या, नुकसान झालं तर आमची जबाबदारी नाही. आपण न वाचता 'सहमत आहे' दाबतो. वाचलं तरी दुसरा पर्याय कुठे असतो? युरोपीय संघाने मात्र पाऊल उचललं आहे. त्यांचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आणि त्यातल्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून पाळाव्या लागतील. मुळातली मांडणीच सुरक्षित असली पाहिजे आणि सुरक्षेची अपडेट्स साधारणपणे किमान पाच वर्षं दिली पाहिजेत, हे तिथे बनवणाऱ्यावर बंधन असेल. आपल्याकडे जुना स्वस्त फोन अपडेटविना वापरणारी कुटुंबं कितीतरी आहेत. आपल्या वर्गातल्या मुलांचा अभ्यास अशाच फोनवर चालतो.

आणि आता ते अकरा दिवस. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं असतं. कळवण्याआधीचं ग्राहकाचं. म्हणजे जितकं लवकर सांगाल तितकं बरं. १९३० ला लगेच फोन केला, तर पैसा पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता असते. मग माणूस सांगत का नाही? कारण आपण त्याला आधीच अडाणी ठरवलेलं असतं. वर्गात खडूचा डबा सांडला आणि बाई ओरडणाऱ्या असल्या, की पोरं डबा कपाटामागे सरकवतात. मोठी माणसंही तेच करतात.

दादांना घेऊन मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बँकेत गेले. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत. येतील की नाही, सांगता येत नाही. त्यांच्या घरी मात्र आता माहीत आहे.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पालकांना फोन घेऊन बोलावलं आहे. दोनच कामं करणार आहोत. ज्यांना हवी त्यांच्या फोनची भाषा मराठी करून द्यायची, आणि सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'ची यादी उघडून त्यातलं सगळं बंद करायचं. दादा म्हणालेत, मी मदतीला येतो.