उसाची तहान किती?

मिरज म्हटले की कुणाला तंबोरा आठवतो, कुणाला मिशन हॉस्पिटल. मला आठवते ती पाण्याची आगगाडी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांच्या घशाला कोरड पडली, तेव्हा कृष्णेचे पाणी मिरजेहून वाघिणींत भरून लातूरला धाडले गेले. पहिल्या खेपेस १० वाघिणी होत्या. पुढे ५० वाघिणींची गाडी निघू लागली. एका गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी! चार लाखांच्या वस्तीत वाटले तर माणशी सहा लिटर.

तीच गाडी मिरजेच्या एका एकर उसात रिती केली तर? रानात जेमतेम दोन फूट पाणी उभे राहील. आणि लागणीपासून तोडणीपर्यंत उसाला, पाऊस धरून, दीड ते अडीच मीटर पाणी लागते. म्हणजे एका एकराला अडीच ते चार गाड्या!

एवढ्यावरून उसाला नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. सकाळच्या चहात मला दोन चमचे साखर लागते. माझा प्रश्न निराळा आहे. उसाला आज तहान किती, हे ठरवतो कोण? बहुधा पाण्याची पाळी, नाहीतर रात्री-अपरात्री येणारी वीज. आली की मोटर चालू, आणि सरी तुडुंब.

वास्तविक ही तहान मोजता येते. वेधशाळेत चार फूट व्यासाचे, दहा इंच खोल, पत्र्याचे एक भांडे उघड्यावर ठेवलेले असते. त्यातले पाणी रोज किती उतरते ते पाहायचे. समजा, चैत्रातल्या उन्हात १० मिलिमीटर उतरले. उघडे पाणी आणि तापलेला पत्रा, म्हणून त्यातले सातच धरायचे. मग पिकाचे वय पाहायचे. कोवळ्या उसाला या सातांच्या ०.४ पट पुरे, म्हणजे तीनाला थोडे कमी. भर वाढीतल्या उसाला सव्वापट, म्हणजे पावणेनऊ. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. तेव्हा कोवळ्याला दिवसाला ११ हजार लिटर आणि थोराड उसाला ३५ हजार. रान तेच, ऊन तेच, फरक तिपटीचा!

दोघांनाही सारखीच सरी भरली, तर उरलेले जाते कुठे? कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीतून ते लवकर निचरत नाही. जमिनीखालचे पाणी वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पाणी उन्हाने उडते, क्षार मात्र राहतात. मिरज, वाळवा, शिरोळ या पट्ट्यांत मिठासारखी पांढरी पडलेली राने त्यातूनच झाली. तिथे मग ऊससुद्धा धड येत नाही. निचऱ्यासाठी जमिनीच्या पोटात छिद्रांच्या नळ्या पुरायच्या, तर तो खर्च शेतकऱ्याचा घाम काढतो.

गच्चीवर नाहीतर अंगणात बाग असलेल्या गृहिणींनीही हा हिशेब करून पाहावा. सरळ काठाचे, रुंद तोंडाचे पातेले उन्हात ठेवा. कावळ्यांसाठी वर जाळी हवीच. मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी घेऊन रोज ठरल्या वेळी मोजा. घरचे लहान भांडे जास्तच तापते, म्हणून उतरलेल्या पाण्याचे निम्मेच धरा. सहा मिलिमीटर उतरले तर तीन. दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्याला ते होते २८ लिटर, म्हणजे दोन बादल्यांना थोडे कमी. आणि पावसाने पातेल्यातले पाणी चढलेले दिसले, तर त्या दिवशी झारीला हातच लावू नका.